हबवरचा पांढरा रंग

आमची तुकडी खालापुरात पोचली तेव्हा गाड्यांवरचा रंग तीन दिवसांचा होता. पूरमदतीचा हुकूम येण्याआधी युनिटमध्ये एका मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन झालं होतं. इन्स्पेक्शनआधी युनिटमधली झाडंसुद्धा कमरेपर्यंत चुन्यात उभी राहतात, तिथे गाड्या कशा सुटणार? बंपर, नटबोल्ट, चाकाच्या मधोमध असणारी हबची तबकडी, सगळं पांढरंशुभ्र झालं. रंगाचे डबे स्टोअरमधून सही करून मीच आणले होते. साहेब गाड्यांसमोरून दीड मिनिटात गेले. "स्मार्ट," म्हणाले.

मी तेव्हा हवालदार होतो, गाड्यांच्या दुरुस्तीकडे. माझं गाव पोशीर, म्हणजे पलीकडच्या कर्जत तालुक्यातलं. त्यामुळे इथल्या चिखलाची जबाबदारी सगळ्यांनी माझ्यावर टाकली. लान्स नाईक सदाशिव हा माझा ड्रायव्हर. माणदेशातला. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं, "उस्ताद, तुमच्याकडं पाऊस बंद करायचं बटन कुठं असतंय? आमच्याकडं चालू करायचं घावत न्हाई."

मुक्काम शाळेत होता. गाड्या दोन, दोन्ही फोर-व्हील ड्राइव्ह. फरक हबचा. अशा गाडीत रोजच्या रस्त्यावर इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो. चिखलात लिव्हर टाकला की पुढचा अ‍ॅक्सलही फिरू लागतो, पण चाकं त्याला जोडलेली असतील तरच उपयोग. ती जोडण्याचं काम हब करतो. नव्या गाडीचा हब ऑटोमॅटिक होता, तो आपणहून जोडला जायचा. जुन्या गाडीत माणसानं खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरची तबकडी हातानं 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची.

नवी गाडी नाईक थोरात चालवायचा. युनिटच्या सरावात सदाशिव चिखलात वाकला की तो काच खाली करून म्हणायचा, "सदा, पड बाबा चाकाच्या पाया."

"पाया पडलेला देव ध्यानात ठेवतोय," सदाशिव म्हणायचा. "तुमचा देव आपल्या मर्जीचा. कवा डोळा लागंल, सांगता येत न्हाई."

मला हे असले वाद ऐकण्यापेक्षा वस्तू खोलून बघायला आवडायचं. वर्कशॉपमध्ये मी दोन्ही हब खोलले होते. हातानं फिरवायच्या हबमध्ये दात असलेलं एक कडं आणि एक स्प्रिंग, बस. तो डोकं चालवत नाही. ऑटोमॅटिक हब हुशार. अ‍ॅक्सलनं ढकललं की आतले तुकडे सरकून अडकतात, दिशा बदलली की सुटतात आणि पुन्हा अडकतात. सुटण्याचा आणि अडकण्याचा मधला क्षण मला सारखा खुणावायचा. त्या क्षणी पुढची चाकं बैलगाडीची असतात.

हातानं फिरवायच्या हबसाठी आमच्याकडे नियम होता. फिरवणारा मोठ्यानं 'लॉक' म्हणणार. दुसरा माणूस दोन्ही तबकड्यांना हात लावून बाण बघणार. मग फिरवणारा चाकापाशीच थांबून खूण करायला बॉनेटवर दोन थापा मारणार, आणि चाक जमीन पकडेपर्यंत तिथून हलणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ९.२० वाजता डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून चांगू नावाचा माणूस धावत शाळेत आला.

"सायेब, भावजयीला पान लागलंय. घोणस हाय. आठाला बांधावर चावली. पाय सुजलाय पार मांडीपातुर."

आमचे कॅप्टन पंचवीस वर्षांचे. पान लागणं म्हणजे साप चावणं, हे मी त्यांना सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स वाटेतल्या ओढ्यापाशीच अडली असती. खोपोलीच्या दवाखान्यात लस होती. ९.३० ला दोन्ही गाड्या निघाल्या.

९.५५ ला ओढा आला. पाणी गुडघाभर. कॅप्टन म्हणाले, "नवी गाडी वर जाईल. हवालदार, तुम्ही हब लॉक करून अलीकडे तयार राहा."

कॅप्टन आणि चांगूला घेऊन नवी गाडी एका दमात पार झाली. सदाशिव उतरला. उजवी तबकडी फिरली. डावी रंगानं चिकटली होती; रंगानंतर ती फिरवायची ही पहिलीच वेळ. त्यानं पकड लावून जोर केला. काहीतरी खट् वाजलं. खुणेचा बाण आणि अक्षरं रंगाखाली गेलेली.

"लॉक, उस्ताद," तो म्हणाला. "बहुतेक."

'बहुतेक' हा सैन्यात रिपोर्ट नसतो. मी उतरून हात लावायला हवा होता. वरून पाऊस कोसळत होता आणि मी सीटवर बसलो होतो. "ठीक," म्हणालो.

१०.४० ला रेडिओ वाजला. "पेशंट गाडीत. शुद्धीवर आहे. परत येतोय. ओव्हर."

१०.५० ला नवी गाडी ओढ्याच्या मध्यात दगडांत फसली. पाणी आता मांडीला लागत होतं. थोरातनं गाडी पुढे-मागे, पुढे-मागे हलवायला सुरुवात केली. कुणीही तेच केलं असतं. पण प्रत्येक वेळी दिशा बदलली की पुढची चाकं क्षणभर सुटत होती, आणि तेवढ्यात मागची आणखी खोल जात होती. वर्कशॉपमध्ये ज्याचं कुतूहल वाटलं, ते मी आता समोर बघत होतो.

"रस्सा. ओव्हर," कॅप्टन रेडिओवर म्हणाले.

सदाशिवनं आमची गाडी रिव्हर्समध्ये पाण्यात घेतली. पुढची चाकंही गुडघाभर पाण्यात आली. रश्शाचं दुसरं टोक थोरातच्या गाडीला चांगूनं लावलं आणि तो रस्सा धरून आमच्याकडे आला. नव्या गाडीत मागे त्याची भावजय हिराबाई आडवी होती. तिचा हात तेवढा दिसत होता, वरची कांब धरलेला.

सदाशिवनं ओढायला सुरुवात केली. आमची मागची चाकं जागच्या जागी फिरली. मी बाहेर वाकून बघितलं. पुढची चाकं स्तब्ध होती. एकच हब लॉक असला तर सगळा जोर मोकळ्या बाजूनं निघून जातो. एक लॉक म्हणजे शून्य लॉक.

"डावा फ्री आहे," मी म्हणालो.

"उस्ताद, स्टेरिंग घ्या." तो उतरलासुद्धा.

डावी बाजू प्रवाहाच्या वरच्या अंगाला होती. चांगूनं कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीतला कोयता काढून दिला. सदाशिवनं पाण्यात वाकून रंग खरवडला, कोयत्याच्या मुठीनं दोन घाव घातले, पकड लावली.

"लॉक, उस्ताद. आता बहुतेक न्हाई."

बॉनेटवर दोन थापा पडल्या. मी क्लच सोडला. चारही चाकांनी पकडलं. माझी नजर आरशात होती, रश्शावर. नवी गाडी दगडांतून वर आली. तेवढ्यात चांगू ओरडला. प्रवाहात वरून एक अख्खं झाड वाहत आलं होतं. मी डावीकडे पाहिलं तेव्हा तिथे फक्त पाणी होतं. वेळ ११.०५.

दोन्ही गाड्या काठावर आल्यावर कॅप्टननी ओढ्याकडे पाहिलं, मग थोरातकडे. "तू पेशंट घेऊन नीघ," म्हणाले. शिळफाट्यावरून गाडी दवाखान्यात ११.४० ला पोचली. हिराबाई वाचली. सदाशिव आम्हाला दुपारी ३.२० ला सापडला, बराच खाली, करंजाच्या मुळांत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "लान्स नाईक गाडीतून का उतरले?"

"डावा हब लॉक करायला, सर."

"आधी का केला नव्हता?"

"रंगामुळे बाण दिसत नव्हता. आणि मी हात लावून पाहिलं नाही."

निष्कर्षात 'प्रतिकूल हवामान' आलं. माझं वाक्य कुठे आहे, असं मी विचारलं. परिशिष्टात आहे, असं समजलं. पुढच्या इन्स्पेक्शनला हब पुन्हा पांढरे होते. यावेळी बाण लाल रंगवला होता.

आता मी पोशीरला असतो. रविवारी कर्जतच्या फार्महाऊसवर मुंबईची मंडळी उंच चाकांच्या गाड्या घेऊन येतात. मी गाड्यांतला माणूस हे कळलं की विचारतात, "काका, ऑटो हब चांगला की मॅन्युअल?" मी म्हणतो, ऑटोमुळे माणसाला उतरावं लागत नाही, मॅन्युअलला माणूस उतरावा लागतो. त्यांना वाटतं, म्हाताऱ्यानं उत्तर टाळलं.

निवृत्तीनंतर मी ठाकूरवाडीत गेलो. हिराबाई थोडी लंगडत बाहेर आली. तिचा प्रश्न तयार होता.

"तो उतरला कशाला? गाडीत बसून नसतं झालं?"

मी अंगणातल्या मातीत काडीनं अ‍ॅक्सल काढला, दोन चाकं काढली, हब दाखवले. ती उकिडवी बसून बघत राहिली.

"म्हंजी एका बाजूला लावलं तं नाय लावल्यासारखंच."

"हो."

"आन् ते बघायचं काम कुनाचं व्हतं?"

इन्क्वायरीत हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

"माझं," मी म्हणालो.

तिनं आकृतीतल्या एका चाकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्याची आय हाय का?"

"आहे."

"तिला सांगा, माजा पाय चालतो."

मी माणदेशात गेलो. सदाशिवची आई दारात बसली होती. तिला सगळं सांगितलं. रंगाचं सांगितलं, बाणाचं सांगितलं, मी सीटवरून उतरलो नाही तेही. शेवटी हिराबाईचा निरोप दिला.

"मग रानात जाती का ती आता?"

"जाते."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि मला पाणी आणायला उठली.