वन्संचा अंगठा, माझा हात

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोरीत बांगडे साफ करत बसले होते. माझा मुलगा महेश परळच्या इस्पितळात त्यांच्याजवळ होता. "आई, आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी हात धुतले, गॅस बंद केला... आणि तेवढ्यात कपाटावर चार्जिंगला लावलेला वन्संचा मोबाईल वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. त्यांच्या वेबसाइटवर कोणीतरी प्रश्न विचारत होतं. माणूस गेलं होतं आणि विचारणारे अजून विचारत होते. दिवसभर ते चालू होतं. घरात माणसं भरली होती, रडणं होतं, कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं मात्र होतं.

त्याला आता दीड महिना होत आला. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही गावी कणकवलीकडे. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. पण वन्संबद्दल जो तो काहीतरी सांगतो आहे, कोणी त्यांना देवी करतं, कोणी हसतं. म्हणून मला जे माहीत आहे ते लिहून ठेवते. दाखवायचं कोणाला ते नंतर बघू.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, प्रमिला. त्यांनी लग्न केलं नाही. सासरे गिरणीत होते, तरी त्यांनी मुलीला मॅट्रिक केलं, टायपिंग शिकवलं. वन्संना फणसवाडीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. ते डॉक्टर चिनी पद्धतीने सुया टोचून उपचार करायचे. वन्सं पेशंटची नावं लिहून घ्यायच्या, आत सोडायच्या, आणि बघता बघता शिकत गेल्या. पुढे त्यातला कोर्सही केला. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, तेव्हा त्या आमच्या लालबागच्या खोलीतच बायकांची दुखणी बघू लागल्या. सुईला मात्र कधी हात लावला नाही. "सुई डॉक्टरांची, अंगठा माझा," म्हणायच्या. मनगटावर, पोटरीवर, मानेखाली नेमकी जागा शोधून अंगठ्याने दाबायच्या. त्यांचा अंगठा पहिल्या पेरापासून असा मागे वाकायचा की बघणाऱ्याला वाटावं मोडला. दाबताना दुखायचं, सोडल्यावर बरं वाटायचं. सगळ्यांना वाटायचं असं नाही. ज्यांना वाटायचं नाही त्यांना त्या सरळ सांगायच्या, "माझ्याकडे नका येऊ आता, डॉक्टरला दाखवा."

वेबसाइटची कल्पना महेशची. "आत्या, प्रत्येकीला तेच तेच सांगत बसतेस. एकदा लिहून टाक ना, मी इंटरनेटवर चढवतो." नाव वन्संनीच ठेवलं, 'चिनी उपचार, मराठीतून'. पहिले लेख त्यांनी फार भारी लिहिले. त्यांना वाटायचं, डॉक्टर लिहितील तसं लिहिलं पाहिजे. त्यात ऊर्जाप्रवाह होता, संतुलन होतं, सगळं होतं. वाचणारं कोणी नव्हतं. मग माझ्यावर पाळी आली. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली की वन्सं खिडकीपाशी बसून मला वाचून दाखवायच्या.

"सुलू, कळलं?"

"हो."

"काय कळलं?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"मग हो कशाला म्हणतेस गो? नाही कळलं म्हण. तुला नाही कळलं तर चूक माझी, तुझी नाही."

मला आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, सासरी नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "ते ऊर्जेचं काय ते नाही कळलं." वन्संनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "नळाला पाणी येतं ना? खाली पाईप तुंबला की आपल्या मजल्यावर येत नाही. चिनी लोक मानतात की अंगातपण तसंच काहीतरी वाहतं, आणि कुठे अडलं की दुखतं."

"मग तसंच लिहा की."

"लोक हसतील."

"हसतील, पण वाचतील तरी."

त्यांनी आधीचं सगळं पुसलं आणि नळापासून सुरुवात केली. एक गोष्ट मात्र कायम ठेवली. 'अंगात असं असतं' असं त्या कधी लिहायच्या नाहीत, 'चिनी लोक असं मानतात' असं लिहायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी आत शिरून बघितलंय काय? जे बघितलं नाही ते छातीठोक कसं सांगू?"

मग फोटो आले. जागा कुठली हे नुसतं लिहून कळत नाही. वन्संचे हात दाबण्यात गुंतलेले, म्हणून हात माझा, पाय माझा. महेशची बायको सायली मोबाईलवर फोटो काढायची. चेहरा येऊ द्यायचा नाही ही माझी अट होती. जागा नीट दिसावी म्हणून वन्संनी माझ्या पाकिटातल्या लाल टिकल्या घेतल्या आणि जिथे दाबायचं तिथे एकेक चिकटवली. मनगटाखाली तीन बोटांवर एक, पायाच्या बोटांमध्ये एक. छान दिसत होतं. आम्ही तिघी खूश होतो. ते लेख भराभर वाचले जाऊ लागले, कुठल्या कुठल्या गावांतून बायका लिहू लागल्या.

आणि एक दिवस साताऱ्याच्या एका बाईंचा प्रश्न आला. 'ताई, तुम्ही सांगितलं तशी टिकली लावते आहे. आंघोळीनंतर बदलते. फरक नाही. कुठल्या कंपनीची टिकली घ्यावी?'

सायली इतकी हसली की खाली बसली. मीही हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी जुने सगळे प्रश्न पुन्हा काढायला लावले, आणि मग कळलं की अशा पुष्कळजणी आहेत. कोणी मोठी टिकली लावली होती, कोणी खड्याची. त्यात एक पोटुशी मुलगी होती. डोकं दुखतं म्हणून तिने हातावर टिकली लावली होती. ती जागा गरोदर बाईने दाबायची नाही असं चिनी लोक सांगतात, आणि वन्संनी ते लिहिलंही होतं, पण अगदी शेवटी. ती शेवटपर्यंत गेलीच नव्हती. फोटो बघितला आणि टिकली लावली. नुसती लावली, दाबली नाही, म्हणून वन्संचा जीव भांड्यात पडला. तरी त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "ती माझं ऐकते आहे सुलू, आणि मी तिला शेवटच्या ओळीत ठेवलं..." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळे फोटो काढून टाकले. त्यानंतर पहिला लेख चढवला तो असा सुरू होत होता: 'टिकली काही करत नाही. टिकली फक्त जागा दाखवते.' कोणी करायचं नाही, आधी डॉक्टरकडे कोणी जायचं, हे प्रत्येक लेखात सगळ्यात वर आलं. आणि फोटो नव्याने काढले. आता टिकलीच्या जागी वन्संचा अंगठा. माझ्या कातडीवर रुतलेला, मागे वाकलेला, नखाभोवती पांढरा पडलेला. कोणाला वाटायला नको की नुसतं काही चिकटवून भागतं. ते फोटो काढायला कितीतरी दुपारी गेल्या. माझं मनगट हुळहुळं झालं. वन्सं म्हणायच्या, "पाय पुढे कर, राणीसरकार," आणि सायली म्हणायची, "आत्या, जरा हसू तरी द्या आईंना." पायाला कसलं हसू!

मधे चीनवरून देशात खूप तापलं होतं तेव्हा वेबसाइटवर शिव्या येऊ लागल्या. खालच्या मजल्यावरचे परबभाऊ समजवायला आले. "प्रमिलाताई, ते चिनी काढा हो नावातून. प्राचीन भारतीय लिहा. कोणाला कळतंय? दुप्पट लोक येतील."

वन्सं म्हणाल्या, "परबांनू, तुमचा मालवणी मसाला कोणी घाटी मसाला म्हणून विकला, तर गप बसशात?"

परबभाऊ हसत खाली गेले. वन्संनी महेशला एकेक शिवी वाचून दाखवायला लावली. शेवटी म्हणाल्या, "यांच्यातल्या एकाचीपण मान दुखत नाही वाटतं." नाव तेच राहिलं. वाचणारे कमी झाले, मग वर्ष-दीड वर्षाने हळूहळू परत आले.

मागच्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं तेव्हा वन्संनी एक दिवस वाया घालवला नाही, तडक इस्पितळात गेल्या. नात्यातल्या एकाने तिथेही टोमणा मारलाच, "काय, चिनी अंगठा नाही चालला?" त्या म्हणाल्या, "ऑपरेशन लागतं तिथे ऑपरेशनच. मी कधी दुसरं लिहिलं असेल तर दाखव." ऑपरेशन झालं. काही महिने बरे गेले. मग पुन्हा... ते नाही लिहीत.

तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. हिंदमाताजवळ त्यांचं ऑफिस आहे, इंटरनेटवरून काढे, तेलं, गोळ्या विकतात. बोलायला गोड. वन्संच्या फोटोला हात जोडले. मी पडद्याआड चहा करत होते. ते महेशला म्हणाले, वेबसाइट आम्हाला द्या, आम्ही सांभाळू. ताईंचा फोटो वर कायम राहील. लोक अजून टिकलीचं विचारतात ना, मग आपण लोहचुंबकाची टिकली काढू, 'प्रमिलाताईंची टिकली' म्हणून पाकिटं. "फक्त त्या वरच्या सूचना तेवढ्या काढू. गरोदर बाई, डॉक्टर, वगैरे. गिऱ्हाईक घाबरतं."

महेश वाईट मुलगा नाही. तो दमला होता. वेबसाइटची मुदत संपत आली होती, तिचे पैसे पुन्हा भरायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे सगळं करणार कोण? म्हणाला, "बंद पडण्यापेक्षा आत्याचं नाव तरी राहील."

मी पाहुण्यांपुढे जाते ती ट्रे ठेवायला, आणि लगेच आत येते. त्या दिवशी ट्रे ठेवला आणि तिथेच उभी राहिले. म्हटलं, "टिकली काही करत नाही."

ते हसले. "काकू, यात श्रद्धेचा भाग असतो."

"आणि पोटुशी असली तर? तिला कोण सांगणार?"

"आतल्या कागदावर बारीक छापू की."

शेवटच्या ओळीतली ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी विचारलं, "वेबसाइटवर हात-पाय आहेत ते कोणाचे, माहीत आहे?"

"ताईंचेच ना?"

"माझे आहेत. आणि मी देत नाही."

महेश माझ्याकडे बघतच राहिला. गृहस्थ मात्र सरावलेले. "काकू, त्यात काय, आम्ही दुसऱ्या मॉडेलचे फोटो काढू."

"मग वेबसाइटपण दुसरी काढा," मी म्हटलं.

चहा त्यांनी अर्धाच घेतला. ते गेल्यावर महेश चिडला. "आई, नाही म्हणणं सोपं आहे. लिहिणार कोण पुढे? तू?"

"हो."

"तुला येतं?"

"जे येत नाही ते येत नाही म्हणून लिहीन. वन्सं तेच करायच्या." सायली मधे पडली, म्हणाली, टाईप मी करते. महेशने डोकं धरलं, पण संध्याकाळी मुदत वाढवून आला. आल्यावर मला म्हणाला, "घे, मालकीणबाई."

पहिली सूचना मी पाटीवर लिहावी तशी हळूहळू लिहिली आणि सायलीने ती सगळ्यात वर चढवली. ती अशी: 'प्रमिलाताई गेल्या. त्यांनी लिहिलेलं सगळं इथे आहे आणि तसंच राहील. इथे काही विकायला नाही. त्यांच्या नावाने कोणी टिकली, तेल, गोळी विकत असेल तर ती त्यांची नाही. फोटोतला हात माझा आहे, अंगठा त्यांचा. मी डॉक्टर नाही, त्याही नव्हत्या. विचारा. माहीत असेल तर सांगीन, नसेल तर नाही म्हणून सांगीन. सुलोचना, त्यांची भावजय.' नाव घालताना हात अडला होता. माझं नाव आजवर रेशनकार्डाबाहेर कुठे आलं नव्हतं. पण नाव नसलेल्या माणसाचं 'नाही' कोण ऐकणार?

गेल्या आठवड्यात चिपळूणच्या एका बाईंनी गुडघ्याचं विचारलं. गुडघ्याचा लेख वन्संनी आजारपणात लिहून मला ऐकवला होता, मला कळलाही होता, फोटो तेवढा राहिला होता. दुपारी भांडी झाल्यावर मी त्यांच्या जागी खिडकीपाशी बसले. साडी वर घेऊन पाय पुढे केला आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजून, बाहेरच्या अंगाला जागा शोधली. सायलीने मोबाईल धरला, आणि थांबली.

"आई, अंगठा?"

मी माझाच ठेवला. तो त्यांच्यासारखा मागे वाकत नाही, सरळ काठीसारखा राहतो. मी जोर दिला, आणखी दिला, नखाभोवती पांढरं होईपर्यंत दिला.

"काढ," मी म्हटलं.