दोन छोट्या शिट्ट्या

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पोलिसात आहे. स्मशानाबाहेर एकट्याने बंदोबस्त केलाय, डासांशिवाय कोणी छळलं नाही. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव वाचताना मी निम्म्या वेळा हसतो. तरी लिहितोय, कारण हे दिवसाढवळ्या घडलंय. नावं बदलली आहेत.

मी सुरतेत ट्रॅफिकला. वडील नंदुरबारकडून कापडाच्या लूमवर कामाला आले, मी इथेच वाढलो. ड्युटी बहुतेक कामरेजजवळ, हायवेवर. लोकांना वाटतं आम्ही सावलीत उभं राहून पावत्या फाडतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते आमच्याच नोकरीसाठी असावं... भरधाव गाडीला रिकामा हात दाखवायचा आणि ती थांबेल असं धरून चालायचं. काही जण उलट अ‍ॅक्सिलरेटर जास्तच दाबतात.

सुकदेवभाऊ आमचे हेड कॉन्स्टेबल, राहायला सुरतेतल्याच डिंडोलीत. भरती झाल्यावर काम मला त्यांनीच शिकवलं. त्यांची एक पद्धत होती. एक जण गाड्यांना हात दाखवणार. दुसरा तिथून पन्नास पावलांवर, बॅरिकेडपाशी, चलन बनवणार. चलनवाल्याची पाठ रस्त्याकडे, मान मशीनमध्ये. म्हणून हातवाल्याने शिट्टी वाजवायची. एक लांब म्हणजे गाडी बाजूला येतेय. दोन छोट्या म्हणजे थांबत नाहीये, उडी मार.

एका सकाळी हात दाखवायला मी होतो आणि माझ्या तोंडात मावा होता. सुपारी-तंबाखूने गच्च भरलेलं तोंड, शिट्टी फुंकणार कशी? बसच्या मागून एक कार निघाली, माझ्या हाताला न जुमानता सरळ गेली. मी वाकून थुंकेपर्यंत तिने सुकदेवभाऊंना उडवलं होतं. भाऊ वाचले, पण उजवा पाय कायमचा आखूड झाला.

जबाबात मी लिहिलं, ‘मी दोन शिट्ट्या वाजवल्या होत्या.’ मग चूक कोणाची? ज्यांनी ऐकूनही उडी मारली नाही त्यांची. भाऊंच्या फाइलला ‘निष्काळजीपणा’ चिकटला. मावा मी त्याच दिवशी सोडला. जबाब मात्र तसाच राहू दिला. लाज वाटत होती, आणि नोकरीची भीती त्याहून जास्त.

त्यानंतर दोन वर्षांनी, तीच जागा, अकराचा सुमार. आता चलनाला मी आणि हात दाखवायला जिग्नेश. एका बाइकवाल्या काकांचं लायसन्स बघत होतो. पाठीमागे दोन छोट्या शिट्ट्या. कडक, अगदी जवळून. विचार केला नाही, काकांची कॉलर धरली आणि दोघं रेलिंगपलीकडच्या गवतात पडलो. ब्रेक फेल झालेला कापडाचा टेम्पो बॅरिकेड आणि बाइक घेऊन पुढे गेला. आम्ही उभे होतो तिथे कापडाचे तागे पडले होते.

धावत जाऊन मी जिग्नेशला मिठी मारली. म्हटलं, ‘‘भाई, बचावी लिधो तें!’’

तो पांढराफटक. ‘‘में तो वगाडीज नथी,’’ म्हणाला, म्हणजे वाजवलीच नव्हती त्याने. त्याच्या शिट्टीची दोरी सकाळीच तुटली होती, शिट्टी त्याच्या गाडीच्या डिकीत होती. मी स्वतः उघडून पाहिली.

भास म्हणावा, तर काकांनीही दोन शिट्ट्या ऐकल्या. दहा पावलांवरच्या रसवाल्याने एकही ऐकली नाही. शिट्टी असलेला दुसरा माणूस म्हणजे समोरच्या हॉटेलचा वॉचमन, तो सुट्टीवर होता. सीसीटीव्हीला आवाज नसतो. जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं.

आठवडाभर झोप लागली नाही. मेलो नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण मनात एकच... जी शिट्टी मी भाऊंना दिली नाही, ती मला मिळाली. रविवारी डिंडोलीला गेलो. भाऊ पलंगावर बसून लसूण सोलत होते. मी उभ्या उभ्याच सगळं ओकलो. मावा, थुंकणं, खोटा जबाब. वाटलं, काठी उचलतील.

‘‘माले माहीत शे,’’ भाऊ म्हणाले. ‘‘पन शिटी तं वाजनी व्हती.’’

‘‘भाऊ, मी वाजवलीच नाही!’’

‘‘दोन वाजन्यात. मी तुनाकडे दखं. तू थुकी राहिंता, शिटी गळामा लटकेल. मंग वाजाडी कोनी, हाई दखत राहिनू... तठेच घात व्हयना.’’

शिट्ट्या कोणी वाजवल्या हे बघण्यात त्यांची उडी राहून गेली होती. म्हणजे मी वाजवली नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं?

‘‘तुन्ही नोकरी नवी व्हती ना भो,’’ म्हणाले आणि पुढचा लसूण उचलला. मी तिथेच खाली बसून रडलो. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी जबाब दुरुस्त करायचा अर्ज लिहायला बसलो. होईल ती शिक्षा होऊ दे, भाऊंच्या फाइलवरचा तो शब्द जायला हवा. ‘मी शिट्टी वाजवली नाही’ हे एका दमात लिहिलं. पुढे ‘त्यामुळे त्यांना इशारा मिळाला नाही’ असं लिहायचं होतं, तिथे तासभर पेन अडलं. पुन्हा खोटं नको, म्हणून ते वाक्य मी लिहिलं नाही. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, मग त्यांना इशारा मिळाला होता की नव्हता?