क्रॉयडनपर्यंत लंगडत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बायकोला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या रस्त्यात समोर आलात तरी माझ्या पायांकडे बघणार नाही.

मी नागपूरला शाळेत भूगोल शिकवायचो. परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतं म्हणणाऱ्या पोरांना मी बाकावर चढवून उडी मारायला लावत असे. उडी मारली की पोट बरं! ढोंग मला दुरून ओळखू येतं, असा माझा लौकिक होता. आणि खरं सांगू? मला त्याचा अभिमानही होता.

निवृत्त झालो आणि दुसऱ्या वर्षी, २००६ मध्ये, अभयने लंडनमध्ये हॅरोला बोलावलं. माझा मुलगा — तिकडे एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा. बोलावलं दोघांनाही होतं. पण माझी आई अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलायला, तिला उठवून बसवायला दोन माणसं लागत — एक मी आणि एक मालती, माझी बायको. मालती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी कामवाल्या बाईंना हाताशी घेईन. मी नाही म्हटलं. किती वेळ? चहा उकळेपर्यंत.

व्हिसा सहा महिन्यांचा होता. ते सहा महिने कसे गेले, सांगू? मला कुणी हाकच मारली नाही. घरी आई दर पंधरा मिनिटांनी ‘बाळ’ म्हणून हाक मारायची — साठीच्या बाळाला. हॅरोला सकाळी अभय मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडून ऑफिसला जाई. सूनबाई मंजिरी नातीला नर्सरीत सोडून आपल्या कामाला. मग मी आणि मोठं रिकामं घर. अकरा वाजता मी लायब्ररीत जाऊन हीटरशेजारची खुर्ची धरत असे आणि ॲटलास उघडून बसत असे. आयुष्यभर जे फळ्यावर काढलं, ते सगळं तिथे रंगीत होतं.

निघायला चार आठवडे, व्हिसा संपायला दोन महिने उरले असताना कौन्सिलचा रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायला गेलो आणि दारातल्या बर्फावरून घसरलो. उजवा घोटा मोडला. हे खरं आहे. एक्स-रे आहे, विम्याचे कागद आहेत, सहा आठवड्यांचं प्लास्टर होतं. तिकीट पुढे ढकललं. इथवर मी निर्दोष आहे — हे मुद्दाम सांगतोय, कारण यापुढे तसं म्हणायची संधी मिळणार नाही.

प्लास्टर निघालं. थोड्या दिवसांनी फिजिओथेरपिस्टने, एका उंच, हसऱ्या मुलीने, मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. मी चाललो. बरा चाललो. ती म्हणाली, व्हेरी गुड, आता आठवड्याभरात विमानात बसायला हरकत नाही.

आणि मी — ‘आह’ म्हणालो.

का म्हणालो? तोंडातून निघालं, असं लिहिणार होतो. पण निघालं नाही, मी काढलं. तिने घोटा दाबला, मी पुन्हा कण्हलो. तिने डॉक्टरांना विचारलं. त्या भल्या माणसाने पत्र दिलं: वेदना आहेत, लांबचा प्रवास तूर्त टाळावा. उडी मारायला मात्र कुणी सांगितलं नाही.

व्हिसा संपायला चार दिवस होते. अभयने रजा काढली, फॉर्म भरला आणि मला घेऊन क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात निघाला. हॅरोहून क्रॉयडन म्हणजे लंडन आरपार. एवढा वेळ सतत लंगडणं किती अवघड असतं, तुम्हाला कल्पना नाही. खरा लंगडा माणूस विसरला तरी लंगडतोच. मला लक्षात ठेवावं लागत होतं. व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडी सुटायला आली तशी मी अभयच्या पुढे तीन ढांगा टाकल्या, आणि मग ‘अगं आई’ करून खांब धरला.

ऑफिसात मला रांगेतून बाहेर काढून खुर्ची दिली. काउंटरवरच्या बाईंनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी जायची ओढ लागली असेल ना? मी म्हणालो, “व्हेरी मच, मॅडम.” त्यांचे डोळे भरून आले की काय, असं मला वाटलं. तीन महिने मिळाले.

घरात एकच माणूस फसत नव्हतं — रिया, माझी चार वर्षांची नात. एकदा जिन्यावरून उतरताना तिने मला थांबवलं. “आजोबा, आज दुसरी पाय दुखते?” मी म्हटलं, पाय दुखतो म्हणावं, बाळा. व्याकरण सुधारलं आणि पाय बदलला. स्वयंपाकघरात मंजिरी भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

दर रविवारी कॉलिंग कार्डावरून नागपूरला फोन करायचा. मालती फक्त पायाचं विचारायची. सूज आहे का? मिठाच्या पाण्यात ठेवता का? नसलेली सूज मी थोडी वाढवून सांगायचो. आई कशी आहे विचारलं की म्हणायची, ठीक आहेत, बाई सोडून गेल्या पण उचलते मी, सवय झाली आता. उचलते मी. एकवचन. मी ते ऐकलं — ऐकलं नाही, असं म्हणणार नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लायब्ररीत गेलो.

जूनमध्ये शेजारच्या वहिनींचा अभयला फोन आला. आईला उचलताना मालतीच्या कमरेत काहीतरी सरकलं होतं. दहा दिवस ती सपाट पडून होती, आईच्याच खोलीत, शेजारच्या पलंगावर. दोघींचं वहिनी बघत होत्या. आम्हाला कळवायचं नाही अशी मालतीने त्यांना शपथ घातली होती. म्हणाली होती, ह्यांचा पाय आधीच दुखतोय, ते तिथे काळजी करतील.

मी उठलो आणि बॅग काढायला दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. मागे वळलो तर अभय खाली उभा. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत. मग विचारलं, “बाबा, विमानतळावर व्हीलचेअर सांगू?”

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, सांग.

नागपूरला व्हीलचेअरवरून बाहेर आलो तर समोर मालती. डॉक्टरांनी हलू नका म्हटलेलं, तरी आली होती. कमरेला पट्टा, चेहरा उतरलेला, आणि हातात काठी. मला वाटलं तिची असेल. ती तिने माझ्यापुढे धरली. “अहो, जपून उठा,” म्हणाली, आणि आपला खांदा पुढे केला.

तुम्ही काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी तिच्या खांद्यावर भार टाकला. दुखणं खोटं असलं तरी भार खराच टाकावा लागतो, नाहीतर कळतं. तिने ओठ घट्ट मिटले. टॅक्सीपर्यंत आम्ही तसेच गेलो.

आई पुढे दीड वर्षाने गेली. मालतीची कमर सुधारली नाही. जमिनीवर बसणं संपलं तिचं. मला मात्र ती अजून जिना जपून उतरायला लावते. लोकांना सांगते, लंडनच्या बर्फाने ह्यांचा पाय अधू केला.

परवा थंडी पडली. तिने तेल कोमट केलं, स्टूल ओढलं, एक हात भिंतीला धरून बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. वाकताना कण्हली. मी पाय मागे घेतला नाही.