तळवा कोण बघतं?

पेशंट किंचाळला की ड्रेसरमामांचा चेहरा खुलायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या सर्जनकडे मी नव्वदच्या दशकात उमेदवारी केली, तिथं जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम मामांकडं होतं. मधुमेहानं पाय चिघळलेली माणसं रोज यायची. मामा चिमट्याच्या टोकानं जखमेची कड टोचत. माणूस बोंबलला की म्हणत, "वरडा की! दुखतंय म्हंजे जित्तं हाय." टोचूनही माणूस गप्प राहिला, की मामाही गप्प होत.

सर केसपेपरवर 'नेक्रोसिस' लिहून निघून जायचे. तोंडं उतरलेले नातेवाईक तो कागद घेऊन मामांकडं. माझी पुस्तकातली व्याख्या तयार असे, पण ऐकतो कोण! मामा म्हणत, "मांस मेलंय, मानूस न्हाई." रक्त पोचलं नाही की तेवढी जागा मरते, काळी पडते, असा बोटाचा, पायाचा मोठा भागच मेला की त्याला गँग्रीन म्हणायचं, हे ते असं समजावत की नातेवाईक पाणी मागायचे आणि मग चहाही घ्यायचे.

पट्टी बांधून झाली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "घरात तळवा कोन बघतं?" पाय बधिर झालेल्या माणसाला खडा रुतला तरी कळत नाही, आणि आपला तळवा आपल्याला धड दिसत नाही. म्हणून रोज कुणाला तरी दाखवायचा. गुळाच्या व्यापारातले एक अप्पा एकदा भडकलेच. "सुनंला पाय दावू व्हय?" मामा म्हणाले, "नमस्काराला फुडं करतायसा की! तसाच जरा उलटा करा." अप्पांची सून तोंडाला पदर लावून हसत होती.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मामा एका खोलीत एकटेच राहत. सगळं कोल्हापूर चपला घालून फिरतं, हे मात्र ऐन उन्हाळ्यात मोजे आणि कॅनव्हासचे बूट घालत. "मामा, शर्यतीला जाताय काय?" म्हणून मीच चिडवायची. मी डॉक्टर! मला त्या बुटांत चेष्टेपलीकडं काही दिसलं नाही.

एका दुपारी शेवटचा पेशंट गेला, फरशी फिनेलनं पुसून झाली, तरी ड्रेसिंगच्या खोलीतला वास जाईना. मी मामांकडं बघितलं. ते खाली बघत होते. बूट मीच ओढून काढला. दोन बोटं काळी, तळव्याला भलं मोठं भोक. चिमटा घेऊन मी टोचलं. मामा गप्प. आणखी वर टोचलं, तरी गप्पच.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कपडे आणायला त्यांच्या खोलीवर गेले, तर भिंतीला टेकवून जमिनीवर आरसा ठेवलेला. माझं डोकंच फिरलं. परत येऊन त्यांच्यावर ओरडले, "आरशात दिसत नव्हतं का मामा?"

"दिसत हुतं की, म्याडम. पर आरसा रागं भरत न्हाई. ऊठ, दवाखान्यात चल, म्हनत न्हाई."

"अहो, रोज दवाखान्यातच होता की! मला का नाही सांगितलंत?"

"पाय गेल्यावर हितं कोन ठेवून घेतंय? मग दिसभर बोलू कुनासंगं?" मग ते हळूच म्हणाले, "आनि तुमी तरी कवा इचारलासा?"

सहा वर्षं आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. त्यांनी हजारभर पाय बघितले असतील; त्यांचा पाय आमच्यापैकी एकानंही बघितला नाही.

जखम भरल्यावर पुतण्या त्यांना नृसिंहवाडीकडच्या गावी घेऊन गेला. रिक्षात बसताना मामा माझ्याशी नाही, दवाखान्यात पट्टीसाठी बसलेल्या पेशंटशी बोलले. "पावनं, तळवा दावत जावा कुनाला तरी!" दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही उशिरानं.

आता माझा स्वतःचा दवाखाना आहे. मीही तेच विचारते. एखादा म्हणतो, "कोन न्हाई बगा, एकटाच हाय." मग मी त्याला घरी आरशात बघा, असं सांगत नाही. दर सोमवारी माझ्याकडं यायचं, म्हणते. मोजा काढायला लावते, चिमटा घेऊन टोचते, आणि तो ओरडायची वाट बघते.