आरशातला बनियन

अख्ख्या गल्लीत रंगीत टीव्ही आमचाच होता. त्यातली माणसं हिरवी दिसू लागली, तेव्हा एका रविवारी सकाळी पांढुर्ण्याहून सौंसरला मेकॅनिक आला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. असले लोक चांगले पार्ट काढून जुने बसवतात, असं शाळेतले माझ्याबरोबरचे सगळे मास्तर सांगायचे.

समोरून न बघताच त्यानं टीव्हीच्या पाठीवर हात फिरवला. "पह्यल्या खेपेतलं मॉडेल हाय हे. लाकडी शटर, गोल खटका. पुढच्या मॉडेलात बटनं आली, मंग शटरच गेलं."

मग त्यानं आरसा मागितला. टीव्हीला आरसा कशाला? माझा संशय बळावला. त्यानं तो टीव्हीसमोर खुर्चीवर टेकवला, मागचं झाकण उघडलं नि आत हात घातला. नजर मात्र सारखी आरशाकडे. हा माझ्यावरच पाळत ठेवतोय, हे मी ओळखलं. मग मीही टीव्हीपुढे उभा राहिलो आणि वरून वाकून त्याची बोटं बघत बसलो.

बऱ्याच वेळानं तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आरशात पडदा पाहून रंग जुळवा लागते. मी कवाचा तुमच्या बनियनचा रंग जुळवून राहिलो."

मी बाजूला झालो. पाच मिनिटांत माणसं माणसांसारखी दिसू लागली.

तो गेल्यावर मी झाकणाचे स्क्रू तेवढे मोजले. टीव्ही आणल्यापासून एक कमी होता, पाचच असायचे.

सहा निघाले.