आगाऊ विकलेली भवानी

वरळीची मंजुळा कोळीण आमच्या फणसवाडीत मासे घेऊन यायची. तिचा आवाज असा, की तीन चाळींतली पोरं झोपेतून उठून बसत. दारात टोपली उतरवली की म्हणायची, "घे गो बाय, भवानी हाय. नाय बोलू नको." भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती शुभ, म्हणून गिऱ्हाईक नाही म्हणायला कचरतं. आता कुठली कोळीण कुठल्या दारात असं म्हणत नाही? हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या ह्यांना कळलं नाही.

आमचे हे, म्हणजे गणपतराव, रुईच्या म्हणजे कापसाच्या एका दलालाकडे कारकून. एकदा मी चुलीपाशी अडकले होते, म्हणून ह्यांनीच दारात बोंबील घेतले. त्या दिवशी रुईचा भाव चढला आणि ह्यांच्या पदरात चार पैसे पडले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. झालं! ह्यांनी पेढीवर जाऊन सांगितलं, "मंजुळेची भवानी ज्याच्या हाती, त्याची तेजी."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात पागोट्यांची रांग. हे दलाल कांदासुद्धा न खाणारे. नाकाला उपरणं लावून रुपया टाकायचे आणि माशाला न शिवता पळायचे. मासे मांजरं खायची. वाडीतली मांजरं इतकी माजली की उंदीर त्यांच्या अंगावरून जायचे. कधी एखाद्याची रुई उतरली तर तो म्हणे, "चूक माझी, मी डाव्या हाताने पैसे दिले." भवानीला दोष द्यायची कोणाची छाती होती!

मग त्यांनी वायदा सुरू केला. सोमवारची भवानी आज विकत घ्यायची आणि नफा घेऊन दुसऱ्याला विकायची. दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाची भवानी तर चार जणांच्या हातांतून फिरली आणि शेवटी आमच्या ह्यांच्याच गळ्यात पडली. मी म्हटलं, "अहो, अजून जो मासा समुद्रात पोहतोय, तो तुम्ही विकताय?" तर म्हणतात, "तुला बाजारातलं काय कळतं?" खरंच, मला मेलीला काय कळतंय!

मंजुळेने होळीपर्यंतच्या भवान्या विकून टाकल्या. त्या पैशांतून तिने नवऱ्यासाठी होडी बांधायला घातली. हरेश्वर जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढत आलेला. होडी तयार झाली तेव्हा त्याने रंग स्वतःच्या हाताने दिला, दुसऱ्या कोणाला ब्रश धरू दिला नाही. मंजुळा मला हे सांगताना हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मलाही फार बरं वाटलं.

पण ह्यांना चैन पडेना. लक्ष्मीपूजनाची भवानी वाटेत कोणी पळवली तर? म्हणून त्या दिवशी पहाटे हे वरळीला गेले आणि तिच्या मागोमाग चालत आले. वाटेत गावदेवीला मंजुळा एका झोपडीपाशी थांबली. आत सोनूबाई नावाची एकटी म्हातारी राहायची. मंजुळेने तिच्या हातावर दोन मांदेली ठेवली, एक पैसा घेतला, तो कपाळाला लावला आणि पुढे निघाली. ह्यांनी म्हातारीला गाठून विचारलं. बारा वर्षं रोजची पहिली विक्री त्या झोपडीत होत होती! फणसवाडीत भवानी कधी आलीच नव्हती.

दुपारपर्यंत सगळ्या बाजारात बोंब झाली. कालचा लाखमोलाचा वायदा फुकट घ्यायला कोणी तयार नव्हतं. भवानी खोटी निघाली म्हणून भेदरून कोणी रुईला हात लावला नाही, आणि ती मेली रुई त्या दिवशी आपली आपण चढली.

आता या लोकांनी शहाणं व्हावं की नाही? छे! निम्मे दलाल भाऊबीजेच्या सकाळी सोनूबाईच्या दारात. इतकी पागोटी एकदम पाहून म्हातारी घाबरली. "अरे बाबांनो," ती म्हणाली, "मी मेले की काय?" बारा वर्षं खरी भवानी खाऊन तिच्याकडे एक फाटकं घोंगडं होतं. पण ते कोणाला दिसलं नाही.

उरलेले निम्मे वरळीला गेले, पैसे परत मागायला. पैसे होडीत गेलेले. होडीला मासळीचा वास, म्हणून तिला कोणी शिवेना. लांबूनच बोट दाखवून त्यांनी ती माहीमच्या एका माणसाला पडत्या भावात विकायला लावली आणि पैसे घेऊन गेले.

त्यानंतर काही दिवसांनी मंजुळा टोपली घेऊन दारात आली. हे आतल्या खोलीत दडून बसले.

"अगं, तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी तिच्यावर ओरडले.

"बाय, समद्या कोळणी समद्या दारांत भवानी बोलतात. शिकलेल्या माणसांना ती खरी वाटंल, हे मना काय ठाव?"

"आणि हरेश्वर?"

"जातो ना त्याच होडीवर, मजुरीनं. ती कशी वळते ते त्यालाच ठाव, म्हनून नव्या मालकानं त्याला ठेवला." टोपलीवरचं फडकं बाजूला करत ती म्हणाली, "नशीब बघ आमचं, बाय. दुसरा कोन मालक असता तर त्याला ठेवला नसता."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि रडूही फुटलं. मी दोन पापलेटं घेतली आणि भाव केला नाही.