ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या चिनी पुड्या

कावीळ मी भारतातूनच घेऊन आलो होतो. इंग्लंडमध्ये रीडिंगला परतलो आणि डोळे पिवळे झाले. दुखणं यथावकाश ओसरलं, पण अशक्तपणा हटेना. स्टेशनचा जिना चढलो की कठड्याला धरून उभं राहावं लागे. आराम करायला म्हणून लेकीकडे आलेल्या माझ्या सासूबाईंच्या नशिबी जावयाची सेवा आली. त्यांनी नागपूरहून भुईआवळ्याचं चूर्ण मागवलं.

मी तेव्हा औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्याची नोकरी करत होतो. चूर्णाची वाटी समोर आली तसा मी बायकोवर खेकसलो, "याला एव्हिडन्स काय? माझ्या लिव्हरवर प्रयोग नकोत!" एव्हिडन्स हा शब्द सासूबाईंना कळला की नाही कोण जाणे. त्यांनी मुकाट्याने वाटी उचलली आणि बेसिनमध्ये रिकामी केली.

आणि त्याच आठवड्यात मी शॉपिंग सेंटरमधल्या चिनी औषधांच्या दुकानात शिरलो. पांढऱ्या कोटातल्या माणसाने जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. भिंतीवर एका शोधनिबंधाची झेरॉक्स होती. आजारपणानंतरचा थकवा कसा उतरतो याचा आलेख होता त्यात. माणसं किती, औषध न घेणारा दुसरा गट होता का, कशाचा पत्ता नाही. असला कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी आणणाऱ्याची सालटी काढली असती. तिथे मान डोलावली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण मला होती. ती मी दाराबाहेर ठेवून गेलो होतो.

त्याने दिलेल्या पुड्या घरी कुठल्या तोंडाने नेणार? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. गरम पाण्यात ढवळून, नाक दाबून पीत असे. बरं वाटतंय असंही वाटायला लागलं.

मग रक्ततपासणीत लिव्हरचे उतरलेले आकडे पुन्हा चढले. बायको थेट आईकडे वळली.

"आई, खरं सांग. भाजीत वगैरे काही मिसळतेस का याच्या?"

"नाही गं. तुझी शपथ."

बायकोचा विश्वास बसला नाही. तिने स्वयंपाक आपल्याकडे घेतला. सासूबाई पुढच्या खोलीत मांडीवर हात ठेवून बसून राहत, आणि मी त्यांच्यासमोर बसून जेवत असे. संशय कुणावर घ्यायला हवा हे मला ठाऊक होतं. मी एक अक्षर बोललो नाही. आजही जेवताना तो घास आठवला की लाज वाटते.

हॉस्पिटलात आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एनी हर्बल रेमेडीज?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात 'हर्बल' एवढा एकच शब्द ओळखून सासूबाई उठून उभ्या राहिल्या. हात जोडून मराठीतच त्यांना म्हणाल्या, "माझ्याच्यानं झालं असंल तर सांगा जी. मी एकदाच वाटी दिली होती, तीबी यांनी घेतली नाही."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी घेतोय," मी इंग्रजीत म्हणालो, "चायनीज. ऑफिसमध्ये."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अशा काही औषधी मुळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणाल्या. थकवा जातो याला मात्र पुरावा तुटपुंजा, आणि पुडीत नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ताबडतोब बंद करा.

पुढे पुड्या थांबल्या आणि आकडे उतरले. तेवढ्याने पुड्यांवर गुन्हा शाबीत होत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. माझ्यावरचा मात्र त्या दिवशीच शाबीत झाला होता.

बाहेर आल्यावर बायको माझ्याकडे बघेना. "आईला इंग्लिश कळलं नाहीये," ती म्हणाली. "तूच सांग."

कॉरिडॉरमधल्या बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसून मी सगळं मराठीत सांगितलं. दुकान, झेरॉक्स, ड्रॉवर. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा शेवटी एकदाच्या बोलतील मला.

"कडू होतं का जी फार?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग काहून नाही सांगितलं? वरून गुळाचा खडा दिला असता."